‘चिलट’ म्हणजे नेमकं कोण? क्लोज-अप फोटोवरून बारीक माशी ओळखताना

श्रावणात वहिनीचे तीन फोटो आले, एकापाठोपाठ एक. खाली एकच ओळ: ‘घरभर चिलटं झाली आहेत, काय फवारू?’ पहिला फोटो ओट्यावरच्या केळ्यांचा, दुसरा न्हाणीघरातल्या टाइलचा, तिसरा खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीचा. तिन्हींत एकेक काळपट ठिपका. मोठं करून पाहिल्यावर मात्र तीन निराळे जीव दिसले. केळ्यावरची लाल डोळ्यांची. टाइलवरची केसाळ, पानासारखे रुंद पंख अंगावर उतरत्या छपरासारखे घेऊन बसलेली. कुंडीतली काळी, किडकिडीत, लांब पायांची. तिघींवर एकच फवारा मारून काही होणार नव्हतं, कारण तिघींची पिल्लावळ तीन ठिकाणी वाढत होती: पिकल्या फळात, मोरीच्या पाइपात आणि कुंडीच्या ओल्या मातीत.

चिलट, घुंगुरटं, केमरं हे आपले शब्द आकारावरून आलेले आहेत. बारीक आणि उडणारं दिसलं की चिलट. रोजच्या बोलण्याला ते पुरतं. पण घरातून, गोठ्यातून किंवा शेतातून त्या माशीला घालवायचं असेल, किंवा ती कोण आहे एवढं नुसतं जाणून घ्यायचं असेल, तर आकार हा सगळ्यात कमकुवत पुरावा आहे. त्यापेक्षा बरंच काही फोटोत असतं. ते कुठे आणि कसं पाहायचं, हेच इथे सांगायचं आहे.

आधी एक गैरसमज. बारीक माशी म्हणजे मोठ्या माशीचं पिल्लू नव्हे. माशीचं बालपण अळीच्या रूपात जातं. अळीचा कोष होतो आणि कोषातून पंख असलेली माशी बाहेर पडते. त्यानंतर ती वाढत नाही. म्हणजे ज्या माशीला पंख आहेत ती पूर्ण वाढलेलीच आहे, मग ती तिळाएवढी असो की राजगिऱ्याएवढी. थायलंडमधून २०१२ मध्ये वर्णन झालेली एक माशी तर जेमतेम ०.४ मिलिमीटरची आहे. मीठ टिपून घ्यावं तशी बोटाच्या टोकाला चिकटेल एवढी, आणि तरीही डोळे, पाय, पंख सगळं जागच्या जागी.

शब्दांचाही एक घोळ मिटवून घेऊ. मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द कुणी एका अर्थाने वापरतं, कुणी दुसऱ्या. म्हणून मी इथे चारच शब्द वापरतो. सगळ्या माश्या आणि डास मिळून एक गण, डिप्टेरा. गणात अनेक कुलं, कुलात अनेक वंश, वंशात अनेक जाती. डिप्टेरात आजवर दीड लाखाहून अधिक जातींची नोंद झाली आहे. एका फोटोवरून या दीड लाखांतून थेट एका जातीवर बोट ठेवणं बहुतेक वेळा शक्य नसतं. कुलापर्यंत पोचणं मात्र पुष्कळदा शक्य असतं, आणि घरातल्या किंवा शेतातल्या निर्णयासाठी तेवढं बऱ्याचदा पुरेसं असतं.

ती माशी आहे का?

हा प्रश्न फुकाचा वाटेल, पण निम्म्या चुका इथेच होतात. ‘डिप्टेरा’ म्हणजे दोन पंखांचे. बहुतेक उडणाऱ्या कीटकांना चार पंख असतात. माश्यांच्या पूर्वजांनाही होते. मागची जोडी आटत आटत दोन छोट्या दांड्या उरल्या, टोकाला गाठ असलेल्या. त्यांना हाल्टेर म्हणतात. उडताना त्या पंखांच्या लयीत वरखाली होतात आणि अंग कुठे कलतंय, किती वळतंय हे माशीला कळवतात. केळ्यावरची चिमुकली माशी सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा पंख हलवते आणि तरी हवेत गिरकी घेऊन नेमकी त्याच डागावर उतरते, ती या दोन दांड्यांच्या जोरावर. बाजूने काढलेल्या चांगल्या फोटोत पंखाच्या मुळाशी, थोडं मागे, फिकट पिवळसर गाठ दिसते. ती दिसली की माशी नक्की.

आपल्या भाषेतली ‘माशी’ मात्र फार उदार आहे. मधमाशी आणि गांधीलमाशी चार पंखांच्या, त्यांचा गण वेगळा. कपाशीवरची आणि मिरचीवरची पांढरी माशी तर ढेकूण-माव्याच्या गोतावळ्यातली. पंख असलेला मावा आणि परोपजीवी बारीक गांधीलमाश्या फोटोत हमखास फसवतात. या गांधीलमाश्यांची कंबर बहुधा चिमटलेली असते आणि शृंगिका लांब, कोपरात वाकल्यासारख्या. शृंगिका म्हणजे डोक्यावरचे ते दोन तंतू, ज्यांना आपण मिशा म्हणतो. अशा माशीवर फवारा मारणं म्हणजे पिकाच्या राखणदारालाच मारणं. कारण यातल्या बऱ्याचजणी अंडी घालतात त्या मावा आणि अळ्यांच्या अंगात.

मिशी बघा

दोनच पंख आहेत हे ठरलं की नजर डोक्याकडे न्यावी. माश्यांचे ढोबळ दोन तट शृंगिकेवरून पडतात. एका तटाची शृंगिका लांब, पुष्कळ मण्यांची माळ ओवल्यासारखी. डास, कुंडीतली काळी माशी, न्हाणीघरातली केसाळ माशी हे या तटातले. दुसऱ्या तटाची शृंगिका आखूड. घरमाशी, फळांवरची माशी, फुलांवर तरंगणारी माशी या बाजूच्या.

आखूड शृंगिकेचाही बारकावा आहे. तिचा तिसरा भाग फुगीर असतो आणि त्यावर एक ताठ केस उभा असतो. त्याला अरिस्टा म्हणतात. केळ्यावरच्या माशीच्या अरिस्टाला दोन्ही बाजूंनी लांब लांब फांद्या असतात आणि टोकाला दोन फाटे, सुकलेल्या झाडाची बारीकशी डहाळी असावी तसं. दुसऱ्या कुठल्या कुलात तोच केस गुळगुळीत, साधा. तीन मिलिमीटरच्या माशीचा हा केस आपल्या फोटोत उतरला असेल तर तो फोटो फार कामाचा आहे.

डास आणि डासासारख्या पण न चावणाऱ्या माश्या यांचा गोंधळ नदीकाठच्या आणि तळ्याकाठच्या गावांत नेहमीचा. संध्याकाळी दिव्यापाशी थवे जमतात आणि लोक घाबरतात. त्यातल्या बऱ्याचशा कायरोनोमिडी कुलातल्या असतात. त्यांना डासासारखी लांब सोंड नसते, आणि नराच्या शृंगिका पिसासारख्या दाट असतात. बसण्याची ढबही उपयोगी पडते. डास बहुधा मागचे पाय वर उचलून बसतो, ही माशी पुढचे पाय उचलून, नमस्कार घातल्यासारखी. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, पण सोंड दिसत नसलेल्या फोटोत ही ढब पहिली खूण होते.

पंखांवरचा नकाशा

मला विचाराल तर अख्ख्या माशीत सगळ्यात बोलका भाग तिचा पंख आहे. पंखातून शिरा जातात. त्या शिरांची संख्या, त्या कुठे फुटतात, कुठे वाकतात, कुठे अर्ध्यावर संपतात, हे कुलागणिक ठरलेलं असतं. रंग फिका पडतो, आकार खाण्यावर अवलंबून असतो. अळीला पोटभर खायला मिळालं नाही तर माशी खुजी निघते. शिरांची मांडणी मात्र त्यामानाने स्थिर राहते. म्हणून माशी ओळखणारी जुनीजाणती माणसं आधी पंख मागतात.

कुंडीतल्या काळ्या माशीचंच घ्या. तिचं कुल सायारिडी. पंखाच्या मधोमध एक शिर निघते आणि टोकाकडे जाताना दोन फाटे होऊन घंटेसारखी उमलते. मधला हा दुफाटा आणि डोक्यावर शृंगिकांच्या वर एकमेकांना भिडलेले डोळे, एवढं दिसलं तर शंका उरत नाही. तिची अळी पांढरी, पारदर्शक, डोकं काळं. ती कुंडीच्या वरच्या ओल्या थरात बुरशी आणि कुजकं खाते. मातीचा वरचा इंचभर थर दोन पाण्यांमध्ये नीट सुकू दिला की तिचं बस्तान मोडतं.

हिच्या शेजारचं दुसरं कुल सेसिडोमायिडी. या माश्या इतक्या नाजूक की पंखात शिरा तीन-चारच, आणि शृंगिकेचे मणी दोऱ्यात सुटे सुटे ओवल्यासारखे. भातावरची गादमाशी यातलीच. पूर्व विदर्भातल्या भात पिकवणाऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नको. पण त्यांनी तिला पाहिलेलं असतं ते माशीच्या रूपात क्वचितच. भाताच्या चुडात ओंबीऐवजी कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी निघाली की ते तिला ओळखतात. फोटो नळीचा काढला तरी ओळख पक्की होते. माशीपेक्षा तिने केलेली खूण जास्त बोलते, अशी उदाहरणं पुढेही येतील.

तिसरं उदाहरण फोरिडी कुलाचं, आणि हे मला विशेष आवडतं. या माशीच्या पंखाची पुढची कडा जाड, भरभक्कम शिरांची, आणि ती अर्ध्या वाटेवरच संपते. तिथून मागे तीन-चार फिकट शिरा तिरक्या जातात, एकमेकींना आडव्या न जोडता. दुसऱ्या कुठल्या माशीचा पंख असा नसतो. पाठीला कुबड, डोकं खाली झुकलेलं, मागच्या मांड्या रुंद. आणि चाल! ती उडण्याआधी धावते. थबकत, झटका देत, तिरकी. कुठलाही फोटो ही चाल दाखवू शकत नाही. म्हणून पाच सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवावा. शेणावर दिसणाऱ्या सेप्सिडी कुलातल्या मुंगीसारख्या माश्याही अशाच. चालता चालता त्या पंख एकेक करून हलवत राहतात आणि बहुतेकींच्या पंखाच्या टोकावर काळा टिपका असतो. ते हलणं एकदा पाहिलं की विसरत नाही.

पंखाबद्दल आणखी एक गोष्ट. पारदर्शक पंखामागे काळी पार्श्वभूमी असेल तर त्यावर रंग उमटतात: जांभळा, हिरवा, पिवळा, पट्ट्यापट्ट्यांनी. रस्त्यावरच्या पाण्यात तेलाचा थेंब पडला की जे घडतं तेच इथे घडतं. पातळ पापुद्र्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणारा प्रकाश एकमेकात मिसळतो आणि पापुद्रा कुठे किती जाड आहे त्यानुसार रंग ठरतो. हे रंग यादृच्छिक नसून जातीजातीत ठरलेले असतात, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने नीट दाखवून दिलं. त्याआधी कित्येक वर्षं लोक पंख पांढऱ्या कागदावर ठेवून पाहत होते, आणि पांढऱ्यावर ते रंग दिसतच नाहीत. तेव्हा जमलं तर एक फोटो काळ्या कापडावर घ्यावा.

फोटो कसा काढावा

महागडा कॅमेरा असेल तर उत्तमच. पण मोबाइलला अडकवायची छोटी मॅक्रो लेन्स आणि भरपूर उजेड यांवरही कुलापर्यंत पोचता येतं. अडचण येते ती दुसरीकडेच. इतक्या जवळून फोटो काढताना जे स्पष्ट दिसतं त्याची खोली फार कमी असते, अनेकदा मिलिमीटरभरही नाही. डोळे स्पष्ट आले की पंखाचं टोक धूसर होतं, पंख स्पष्ट आले की डोकं जातं. म्हणून एका फोटोत सगळं पकडायच्या नादी लागू नये. माशी कशी बसली आहे ते पाहावं आणि कॅमेरा तिच्या अंगाला समांतर धरावा. वरून काढताना पाठ आणि पंख एका पातळीत येतात, बाजूने काढताना छाती, पाय आणि पोट. समोरून चेहरा. हे तीन कोन मिळाले की निम्मं काम झालं. कॅमेरावाले याहून पुढे जाऊन फोकस कणाकणाने सरकवत वीस-तीस फोटो घेतात आणि संगणकावर जोडतात. त्यासाठी माशी स्थिर हवी.

माशी स्थिर राहत नाही ही तक्रार सगळ्यांची. एक साधा उपाय आहे. पारदर्शक छोट्या डबीत तिला अलगद धरावं आणि डबी काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी. फ्रीजरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात. थंडीने ती गारठून मंद होते. बाहेर काढल्यावर थोडा वेळ शांत बसते, आणि ऊब मिळाली की उडून जाते.

उजेड थेट नको. फ्लॅश थेट पडला तर चकचकीत अंगावर पांढरे डाग उमटतात आणि नेमके तिथले केस नाहीसे होतात. ट्रेसिंग पेपरचा किंवा दुधाच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा उजेड आणि माशी यांच्यामध्ये धरला तरी फरक पडतो.

केसांचं महत्त्व किती हे सांगायला हवं. माशीच्या छातीवर, डोक्यावर, पायांवर जे ताठ, जाड केस असतात ते कुठेही वाटेल तसे उगवलेले नसतात. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, आणि अमुक जागी एक केस की दोन, पुढे झुकलेला की मागे, यावरून कुलं आणि वंश वेगळे होतात. मोबाइलचं सॉफ्टवेअर फोटो ‘सुंदर’ करताना हेच केस पुसून टाकतं. आणि मग तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवला की तो आणखी आक्रसतो. ओळखण्यासाठी पाठवायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ तसाच पोचतो.

मापासाठी शेजारी आलेख कागदाचा तुकडा ठेवावा. नसेल तर मोहरीचा किंवा तिळाचा दाणाही चालतो. मोहरी दीड-दोन मिलिमीटर, तीळ तीनच्या आसपास. ‘खूप लहान आहे’ यापेक्षा ‘मोहरीपेक्षा थोडी मोठी’ हे लाखमोलाचं. आणि फोटोबरोबर चार ओळी लिहून ठेवाव्यात: कुठे, कधी, कशावर बसली होती, एकटी होती की थवा. मोरीच्या जाळीवर की आंब्यावर, यावरून शंभर शक्यतांच्या पाच होतात.

घरातल्या चौघी

आता वहिनीच्या फोटोंकडे. केळ्यावरची ड्रोसोफिलिडी कुलातली. लाल डोळे, फिकट तपकिरी अंग, पोटावर काळे पट्टे, फांद्यांचा अरिस्टा. जगातल्या प्रयोगशाळांत शंभराहून अधिक वर्षं पाळली जाणारी ड्रोसोफिला मेलानोगास्टर याच कुलातली. पण आपल्या ओट्यावरची तीच असेल असं नाही. या कुलाच्या कित्येक जाती आपल्या घरांत येतात, आणि माद्या तर एकमेकींसारख्याच दिसतात. मेलानोगास्टरच्या नराचं पोटाचं टोक काळंकुळीत असतं, म्हणून नराचा फोटो असेल तर मदत होते. एक जात मात्र पाहताक्षणी ओळखावी अशी आहे, झाप्रिओनस इंडियानस. डोक्यापासून पाठीवर काळ्या किनारीचे रुपेरी पट्टे, अगदी कुणी चुन्याने ओढल्यासारखे. तिचं वर्णन १९७० मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून झालं म्हणून ‘इंडियानस’, पण तिचं माहेर आफ्रिका. १९९९ मध्ये ती ब्राझीलमध्ये पोचली आणि तिथल्या अंजिरांच्या बागांचं मोठं नुकसान केलं. या सगळ्यांवर उपाय एकच: पिकलेली फळं झाकून ठेवणं आणि ओला कचरा रोज बाहेर.

टाइलवरची सायकोडिडी कुलातली, बहुधा क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा. अंग आणि पंख दाट केसांनी भरलेले, पंखाच्या कडेला बारीक पांढरे टिपके. तिला बोटाने दाबलं तर राखेसारखी भुकटी उरते. मोरीच्या पाइपात आतून जो बुळबुळीत थर चढतो, त्यात तिच्या अळ्या वाढतात. भिंतीवरच्या माश्यांवर फवारा मारून चार दिवसांत नव्या हजर. पाइप आतून ब्रशने घासला की संपल्या. ती चावत नाही.

पण तिच्याच कुलात एक धोक्याची नात्यातली आहे, आणि हा फरक महाराष्ट्रात प्रत्येकाला माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. ती वालुमाशी, इंग्रजीतल्या नावाने सॅन्डफ्लाय. नागपूरजवळच्या चांदिपुरा गावात १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक विषाणू मिळाला. त्याला गावाचंच नाव पडलं. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, आणि २०२४ मध्ये गुजरातेत या आजाराने लहान मुलं दगावली. तो मुख्यतः वालुमाशीच्या चाव्यातून पसरतो असं मानलं जातं. मोरीतली माशी रुंद पंख छपरासारखे खाली उतरवून बसते. वालुमाशी सडपातळ, वाळूच्या रंगाची, पाय लांब, आणि टोकदार पंख पाठीवर व्हीच्या आकारात उभे धरून बसते. मोरीत नव्हे, तर मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत ती वाढते. दोन-तीन मिलिमीटरच्या या दोघींमधला फरक साध्या मोबाइलच्या फोटोतही पंखांच्या ढबीवरून कळतो. गोठ्यातल्या भिंतीवर अशी उभ्या पंखांची माशी दिसली तर फोटो काढून आरोग्य केंद्रात दाखवावा.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी डोळ्यांसमोर नाचणारी चिलटं अगदीच निराळी. ती क्लोरोपिडी कुलातली, आणि त्यांच्यात सिफन्क्युलिना फ्युनिकोला ही आपल्याकडे सगळ्यात परिचित. डोळ्यातलं पाणी, जखमेतला ओलावा यांवर ती येते. संध्याकाळ झाली की लोंबणाऱ्या दोऱ्यांवर, तारांवर, जळमटांवर शेकड्यांनी लटकते. ‘फ्युनिकोला’चा लॅटिन अर्थही तोच, दोरीवर राहणारी. या कुलाची खूण डोक्यावर वरून दिसते: तीन साध्या डोळ्यांभोवती एक मोठा चकचकीत त्रिकोण.

शेतातली नावं

शेतात अडचण उलटी होते. तिथे नावं आहेत, पण एकेक नाव दोघींना दिलेलं आहे. ज्वारीवरची खोडमाशी घरमाशीच्या कुलातली, करडी, छोट्या घरमाशीसारखीच. सोयाबीनवरची खोडमाशी अ‍ॅग्रोमायझिडी कुलातली, दोन मिलिमीटरची, चमकदार काळी. एकीमुळे ज्वारीचा पोंगा मरतो, दुसरी सोयाबीनच्या खोडात नागमोडी लालसर बोगदा करते. नाव एक म्हणून एकाच औषधाची शिफारस दोन्हीकडे नेता येत नाही. फोटो पाठवताना माशीबरोबर खोड उभं चिरून त्याचाही फोटो पाठवावा.

टोमॅटोच्या पानावर पांढरी वेटोळी रेघ ओढणारी नागअळी याच अ‍ॅग्रोमायझिडी कुलातली. माशी पिवळी-काळी, मोहरीएवढी. तिच्या जाती फोटोवरून वेगळ्या करणं तज्ज्ञांनाही जड जातं. पण पान कुठलं, रेघ गोल वेटोळ्याची की शिरेच्या बाजूने, रेघेतली विष्ठा सलग की तुटक, एवढं दिसलं की बरंच समजतं.

आणि फळमाशी. प्रयोगशाळेतले लोक ड्रोसोफिलाला फळमाशी म्हणतात, कोकणातला आंबेवाला म्हणतो ती टेफ्रिटिडी कुलातली बॅक्ट्रोसेरा. ही घरमाशीएवढी, अंगावर पिवळ्या खुणा, मादीच्या मागे अंडी घालायची टोकदार नळी. पहिली आधीच पिकलेल्या, फुटलेल्या फळावर येते. दुसरी धडधाकट फळाला भोसकते. तिच्या पंखाची खूण खास आहे: कडेजवळची एक शिर टोकाशी पोचता पोचता एकदम काटकोनात वळते. आंब्यावरच्या बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसच्या पंखाच्या पुढच्या कडेने सलग गडद पट्टी असते. याच वंशातल्या झोनाटा या दुसऱ्या जातीची पट्टी तुटलेली, टोकाला फक्त डाग. करेक्टा या तिसरीच्या पंखाच्याही टोकाला डाग, पण तिच्या चेहऱ्यावरचे दोन काळे ठिपके जोडून आडवी रेघ झालेली असते. म्हणून चेहऱ्याचा फोटो नसेल तर या दोघींत निवाडा करणं अवघड. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रक्षक सापळ्यात मिथाइल युजेनॉलचं आमिष असतं. या तिन्हींचे नर त्यावर येतात. काकडी-कारल्यावरची फळमाशी येत नाही, तिला क्यूल्युअर हे दुसरं आमिष लागतं. म्हणजे माशी कुठल्या आमिषावर आली हेही ओळखीचा भाग झालं. सापळ्यातल्या माश्यांचा फोटो पाठवताना आमिषाचं नाव जरूर लिहावं.

थांबायचं कुठे

कधी कधी तज्ज्ञही एका माशीला दोन नावं देऊन बसतात. २००३ मध्ये केनियात एक फळमाशी सापडली. २००५ मध्ये तिला ‘इन्व्हेडेन्स’ हे नवं नाव मिळालं आणि तिच्या भीतीने आफ्रिकेतल्या कित्येक देशांच्या फळांवर बंदी आली. पुढे रूप, गंध, संकर आणि जनुकं सगळं तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष निघाला की ती आशियातली आपली डॉर्सालिसच. प्रत्यक्ष नमुने हातात असताना इतका वेळ लागला. मग एका फोटोवरून जातीचं नाव छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे जरा सावधपणे पाहावं.

याचं कारण माश्यांच्या शरीरातच आहे. पुष्कळ वंशांत जाती वेगळ्या होतात त्या नराच्या जननेंद्रियांच्या घडणीवरून, आणि त्यासाठी पोटाचं टोक सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. फोरिडी कुलातल्या मेगासेलिया या एकाच वंशात पंधराशेहून अधिक जाती नोंदल्या आहेत. तिथे फोटो मेगासेलियापर्यंत नेतो आणि थांबतो. पुढचा रस्ता नमुना जपण्याचा, किंवा डीएनएच्या ठराविक छोट्या तुकड्याशी ताडून पाहण्याचा. मोबाइलवरची ओळख सांगणारी अ‍ॅप्सही ज्या जातींचे फोटो त्यांना भरपूर मिळाले त्याच सुचवतात. भारतातल्या बारीक माश्यांचे नीट ओळखलेले फोटो मुळात थोडे, त्यामुळे सह्याद्रीतल्या माशीला युरोपातलं नाव चिकटतं. अ‍ॅपने सांगितलेलं कुल तपासून पाहावं, जात मात्र तूर्त बाजूला ठेवावी.

भारतातल्या माश्यांचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यात एन्रिको ब्रुनेटी यांचं नाव मोठं आहे. पेशाने ते संगीतकार. कोलकात्यात राहून त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या माश्यांची वर्णनं लिहिली. त्यांचे ग्रंथ १९१२, १९२० आणि १९२३ साली आले. त्यांच्याकडे आपल्यासारखा खिशातला कॅमेरा नव्हता. शब्दांतच सगळं सांगायचं होतं: कुठली शिर कुठे वळते, कुठला केस कुठे आहे. आज आपण फोटो काढताना त्याच जागा शोधत असतो.

वहिनीला मी हे सगळं लांबलचक लिहून पाठवलं. केळी डब्यात गेली, पाइप घासला गेला, कुंडीचं पाणी कमी झालं. दोन आठवड्यांनी चौथा फोटो आला, या वेळी डॉक्युमेंट म्हणून. बाजूने काढलेला, खाली आलेख कागद. अडीच मिलिमीटर. पाठीला कुबड, पंखाची पुढची कडा जाड आणि अर्ध्यावर संपलेली. सोबत व्हिडिओ, ओट्याच्या कडेने तिरकं धावत सुटलेलं काहीतरी. मी लिहिलं, ‘फोरिडी. घरात कुठेतरी काहीतरी सडतंय, शोधा.’ तासाभराने उत्तर आलं. कांदे-बटाट्यांच्या टोपलीत, सगळ्यात तळाला, एक बटाटा.